बंडीची ऊब

दिवाळी सरली आणि पहांटेच्या वाऱ्याला धार चढूं लागली, म्हणजे आपल्या घरांतून एक ठराविक लगबग सुरू होते. कोणाची मुलगी शिक्षणासाठीं कॅनडांत जावयाची असते, कोणाच्या चिरंजीवांची बदली दिल्लीस झालेली असते, तर कोणी हौशी तरुण हिमालयांतील बर्फ तुडविण्याचा बेत करून बसलेला असतो. घरांतील वडील माणूस मग बाजारांत जातो व दुकानदारास विचारतो, "तुमच्याकडील सर्वांत गरम बंडी कोणती?" दुकानदार सर्वांत जाड किंवा सर्वांत महाग बंडी पुढें करतो, पैसे मोजले जातात, आणि आपण आपलें कर्तव्य पार पाडलें असें समाधान मानून वडील घरीं परततात.

हें समाधान फारसें खरें नसतें, हें सांगण्यासाठीं मी आज आपणांपुढें आलों आहें. विजेच्या घटावर तापणाऱ्या बंड्या अलीकडे निघाल्या आहेत, त्या सोडल्या तर गरम बंडी नांवाची वस्तु जगांत कोठेंही मिळत नाहीं. हें विधान शब्दच्छल म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. तें नीट न समजल्यामुळें उंची वस्त्र अंगावर असूनही माणूस काकडतो, आणि प्रसंग बिकट असल्यास प्राणासही मुकतो.

बंडी या शब्दानें मला येथें कोणतें वस्त्र अभिप्रेत आहे तें प्रथम सांगतों. आंत कापूस, पिसें किंवा कृत्रिम तंतु भरून रजईप्रमाणें टाके घातलेलें, समोरून उघडणारें, बिनबाह्यांचें, कंबरेपर्यंतचें वस्त्र म्हणजे ही बंडी. आपल्या जुन्या सुती बंडीची ही दूरची बहीणच म्हणावयाची.

आतां एक साधा अनुभव आठवा. हातगाडीवर बर्फ विकणारा मनुष्य बर्फाची लादी लांकडाच्या भुशांत व गोणपाटांत गुंडाळून ठेवतो. कापडांत अंगची उष्णता असती, तर तो बर्फ लवकर विरघळला असता. प्रत्यक्षांत तो अधिक काळ टिकतो. जें घोंगडें धनगराला माघाच्या रात्रीं ऊब देतें, तेंच बर्फावर टाकलें तर बर्फाला उन्हापासून वांचवितें. तात्पर्य, वस्त्र ऊब निर्माण करीत नाहीं. एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला जाण्यास तें अडथळा करतें, एवढेंच. ऊब निर्माण करणारी भट्टी आपल्या देहांत आहे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरांतून शंभर वॅटच्या जुन्या विजेच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते, आणि चढण चढतांना तीच चारपांच पटींनीं वाढते. हा आंकडा आपण ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे.

हा अडथळा करतें कोण? पुष्कळांचा समज असा कीं कापूस, लोकर किंवा पिसें हीं तें काम करतात. वस्तुतः तें काम करते त्यांच्यामध्यें कोंडलेली हवा. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारें पंचवीसपट वेगानें उष्णता वाहून नेतें. भरलेल्या तंतूंचें काम इतकेंच कीं हवेला बारीक बारीक कप्प्यांत अडकवून ठेवावयाचें व तिला हलूं द्यावयाचें नाहीं. आपल्या घरोघरच्या स्त्रियांना हें शास्त्र न शिकतां ठाऊक होतें. रजई चारसहा वर्षें वापरली कीं त्या पिंजाऱ्याला बोलावीत. तो धनुकलीनें तोच कापूस पिंजून पुन्हां भरून देई, आणि रजई नव्यासारखी ऊबदार होई. कापसाचें वजन तसूभरही वाढलेलें नसे. वाढलेली असे ती हवा.

या तत्त्वाचा एक प्रसिद्ध दाखला गिर्यारोहणाच्या इतिहासांत आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या पुण्याशीं जुळलेला आहे. १९२२ सालीं एव्हरेस्टवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेंत जॉर्ज फिंच नांवाचे रसायनशास्त्रज्ञ होते. इतर मंडळींचा भर लोकरी व सुती कपड्यांवर होता. फिंच यांनीं मात्र स्वतःच्या कल्पनेनें एक कोट करवून घेतला होता. आकाशांत सोडावयाच्या फुग्यांसाठीं विणलेलें हलकें व वाऱ्याला दाद न देणारें कापड त्यांनीं घेतलें, आणि त्यांत आयडर जातीच्या बदकाचीं मऊ पिसें भरून रजईसारखे टाके घातले. तो पोशाख त्या काळीं अगदींच विलक्षण होता. पण पर्वतावरील वाऱ्यांत त्याचा गुण दिसून आला. २७ मे १९२२ रोजीं फिंच व जेफ्री ब्रूस हे सुमारें २७,३०० फुटांपर्यंत पोंचले. इतक्या उंचीवर त्यापूर्वीं कोणी चढल्याची नोंद नव्हती. या पराक्रमांत प्राणवायूच्या नळकांड्यांचा वांटा मोठा होता, हें नमूद केलेंच पाहिजे. परंतु पिसें भरलेल्या आजच्या कोटांची व बंड्यांची वंशावळ लिहूं गेल्यास फिंच यांच्या कोटाचें नांव अगदीं आरंभीं येतें. हेच फिंच पुढें १९५२ ते १९५७ या काळांत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

यावरून पिसांवांचून तरणोपायच नाहीं असें मात्र समजूं नये. १९२४ सालीं एव्हरेस्टवर नाहींसे झालेले जॉर्ज मॅलरी यांचा देह १९९९ सालीं सांपडला. त्यावरील वस्त्रांच्या हुबेहूब प्रतिकृति करवून त्या २००६ सालीं हिमालयांत वापरून पाहण्यांत आल्या. रेशीम, सूत व लोकर यांचे एकावर एक घातलेले पातळ थर आणि वर वारा अडविणारें कापड, अशी ती रचना अपेक्षेपेक्षां पुष्कळच समर्थ ठरली. कारण तेंच. दोन थरांच्या मध्यें हवा कोंडली जाते. फिंच यांनीं जें एका वस्त्रांत साधलें, तें मॅलरी यांनीं अनेक वस्त्रांत साधलें होतें.

आतां कोणी विचारील कीं, ऊबच हवी तर बाह्या कां काढून टाकावयाच्या? याचें उत्तर शरीराच्या रचनेंत आहे. थंडीचा मारा सुरू झाला कीं देह प्रथम हृदय, फुप्फुसें इत्यादि मर्मस्थानांचें रक्षण करतो. हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व तेथील रक्त कमी केलें जातें. म्हणूनच बोटें गारठतात. उलट छाती, पोट व पाठ यांना पुरेशी ऊब मिळाली, तर हातांकडील रक्तप्रवाह अधिक काळ मोकळा राहतो. धड झांकल्यानें हातांनाही साह्य होतें तें यामुळें. शिवाय बाह्या नसल्यानें हात मोकळे राहतात, कोट वरून सहज चढतो, आणि कांखेंतून जास्तीची उष्णता व वाफ बाहेर पडण्यास वाट मिळते. मात्र ज्याला उघड्यावर तासन्‌तास स्वस्थ उभें राहावयाचें आहे, त्याला नुसती बंडी पुरणार नाहीं. तिच्यावर बाह्यांचा कोट हवाच.

निवड करतांना पहिला विचार भरणाचा. कापूस स्वस्त, मऊ व त्वचेला सुखावह आहे. परंतु तो पाणी शोषून चिप्प बसतो व लवकर वाळत नाहीं. दिल्ली, ग्वाल्हेर, इंदूर येथील कोरड्या थंडींत, विशेषतः घरांत वावरतांना, कापूस भरलेली बंडी उत्तम काम देते. डोंगरांतील पायपिटीला किंवा ओल्या बर्फाला ती निरुपयोगी होय.

बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवर, मोठ्या पिसांखालीं, दांडा नसलेलीं अत्यंत मऊ पिसें असतात. वजनाच्या मानानें इतकी हवा कोंडणारा दुसरा भरण क्वचितच सांपडेल. अशा बंडीच्या चिठ्ठीवर ५५०, ६५०, ८०० असे आंकडे छापलेले असतात. एक औंस, म्हणजे सुमारें २८ ग्रॅम, पिसें फुगून किती घन इंच जागा व्यापतात तें हा आंकडा सांगतो. गिऱ्हाईक येथें हटकून फसतें. ८०० आंकड्याची बंडी ५५० च्या बंडीपेक्षां अधिक ऊबदारच असेल असें नाहीं. भरण किती ग्रॅम घातला आहे हेंही पाहिलें पाहिजे. मोठा आंकडा सांगतो तो एवढेंच कीं तितकीच ऊब कमी वजनांत मिळेल. पिसांचा मोठा दोष असा कीं भिजलीं म्हणजे त्यांचे गोळे होतात आणि ऊब जवळजवळ नाहींशी होते.

पॉलिएस्टरच्या बारीक तंतूंचा भरण पिसांपेक्षां थोडा जड व वारंवार दाबला गेल्यास लवकर बसणारा खरा. पण तो भिजला तरी आपला फुगीरपणा पुष्कळसा टिकवितो, लवकर वाळतो व खिशालाही परवडतो. पावसाची किंवा ओल्या बर्फाची शक्यता असेल तेथें, आणि ज्यांना वस्त्रांची निगा राखण्यास सवड नसते अशा विद्यार्थ्यांना, हाच भरण सोईचा. लोकरीचा विचार याच ओळींत करावयाचा. लोकर आपल्या वजनाच्या सुमारें तीस टक्क्यांपर्यंत ओल शोषूनही हाताला ओली लागत नाहीं. भर पावसांत घोंगड्याची खोळ पांघरून उभा असलेला धनगर कां काकडत नाहीं, याचें बरेंचसें उत्तर यांत आहे.

दुसरा विचार शिलाईचा व मापाचा. जेथें टाका आरपार गेलेला असतो तेथें भरण दाबला जातो, आणि त्या रेषेवरून उष्णता निसटते. सौम्य थंडीसाठीं याची चिंता नको. कडक थंडीसाठीं मात्र टाक्यांच्या रेषा मोजक्या असलेली, किंवा आंत कापडी पडदे घालून खण पाडलेली बंडी पाहावी. बंडी अंगाबरोबर बसावी, पण आंवळूं नये. ती तंग झाली तर भरण चेपून हवा निघून जाते, आणि आपण दिलेल्या पैशांतील निम्मी किंमत दुकानांतच राहते. ती फार सैल असली तर प्रत्येक हालचालीबरोबर आंतील ऊन हवा गळ्यांतून बाहेर पडते व खालून थंड हवा आंत शिरते. दुकानांत नुसतें आरशासमोर उभें राहूं नये. दोन्ही हात वर करावे, खालीं वांकावें, खुर्चीवर बसून पाहावें. हात वर केल्यावर कंबर उघडी पडत असेल तर उंची अपुरी आहे असें समजावें. मुंढा कांखेंत रुतूं नये व लोंबूंही नये. गळ्याशीं उभी पट्टी असल्यास फारच उत्तम.

याच ठिकाणीं एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. बंडीवर कोट घालावयाचा असेल तर आधीं बंडी घ्यावी आणि ती अंगांत घालूनच कोटाचें माप पाहावें. उलट क्रमानें खरेदी केली म्हणजे तंग कोटाखालीं बंडी चिरडली जाते. पाठीवरच्या जड पिशवीच्या पट्ट्यांखालींही हेंच घडतें.

आतां वापराकडे वळूं. माझ्या मतें निवडीपेक्षां वापराचें महत्त्व अधिक आहे. थंडीचे दोन मित्र आहेत, एक वारा व दुसरा घाम. वारा आपल्या अंगाभोवतालची ऊन हवा उडवून नेतो. कॅनडा व अमेरिका येथील हवामानखात्यांनीं २००१ सालीं स्वीकारलेल्या सूत्राप्रमाणें, पारा शून्याखालीं १० अंशांवर असतांना ताशीं ३० किलोमीटर वेगानें वारा वाहत असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी शून्याखालीं २० अंशांसारखी जाणवते. म्हणून बंडीचें बाहेरचें कापड घट्ट विणीचें असावें, नाहीं तर वर वारा न शिरणारा पातळ कोट घालावा. नाशिक किंवा निफाडच्या बाजूला पहांटे दुचाकीवरून निघणाऱ्याला वारा शोधावा लागत नाहीं. तो आपल्या वेगानें स्वतःच तो निर्माण करतो. बंडी विरळ विणीची असेल तर तिच्याखालीं छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवावी. सायकलच्या शर्यतींत डोंगरावरून उतरतांना मोठमोठे स्वारही हा उपाय करीत आले आहेत.

घामाचें प्रकरण वाऱ्याहून कपटी आहे, कारण हा शत्रु आपण स्वतः आंत घेतों. चढण चढतांना आपल्या देहाची भट्टी चारपांचपट तापलेली असते, हें मघाशीं सांगितलें. त्या वेळीं बंडी अंगावर तशीच ठेवली तर घाम येतो, गंजीफ्रॉक भिजतो, आणि ज्या कप्प्यांत हवा कोंडावयाची तेथें पाणी भरतें. माणूस विसाव्यासाठीं थांबतो. भट्टी मंदावते, घाम मात्र अंगावर राहतो, आणि पांचदहा मिनिटांत हुडहुडी भरते. चांगली बंडी असूनही लोक गारठतात तें बहुधा असें. यासाठीं एकच नियम पाठ करावा. बंडी घाम येण्यापूर्वीं काढावी आणि हुडहुडी भरण्यापूर्वीं घालावी. चालावयास निघतांना किंचित् गार वाटत असेल तर आपला पोशाख योग्य आहे असें जाणावें. थोडें चालल्यावर प्रथम गळा मोकळा करावा, मग चेन उघडावी, आणि तरीही उकडल्यास बंडी काढून पिशवींत ठेवावी. थांबतांच, अंग ऊन आहे तोंवरच, ती पुन्हां चढवावी. अंगालगतचा कपडा सुती नसावा, तो पातळ लोकरीचा किंवा लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचा असावा.

कॅनडांत जाणाऱ्या आपल्या मुलीलाही हाच नियम निराळ्या रीतीनें लागू पडतो. तेथें बाहेर पारा शून्याखालीं पंधरा असला, तरी वर्गांत व आगगाडींत वीसएकवीस अंशांची ऊब असते. बाहेरून आंत येतांच कोट व बंडी उतरविण्याचा आळस केला, तर अंग घामेजतें व पुन्हां बाहेर पडल्यावर थंडी दुप्पट झोंबते.

बंडी वेळेवर घालण्याचा आग्रह मी धरतों, यास आणखी एक गंभीर कारण आहे. उत्तर हिंदुस्थानांत बहुतेक घरें हिंवाळ्यासाठीं तापविलेलीं नसतात. म्हणून दारेंखिडक्या लावून, कोळशाची शेगडी उशाशीं घेऊन निजण्याची चाल अजून आहे. कोंदट खोलींत त्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि निजलेला मनुष्य त्यांतून जागा होत नाहीं. प्रतिवर्षीं हिंवाळ्यांत अशा मृत्यूंच्या वार्ता येतात. काश्मीरांत फेरणाखालीं निखाऱ्यांची कांगडी बाळगण्याची जुनी रीत आहे; तिच्या सततच्या भाजणीनें पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाला वैद्यकांत कांगडीचेंच नांव पडलें आहे. अग्नि अंगाजवळ आणण्यापेक्षां अंगांतील अग्नि राखून ठेवणें केव्हांही श्रेयस्कर. कृत्रिम तंतूची बंडी घालून तर शेगडीजवळ जाऊंच नये. ठिणगी पडतांच तें कापड वितळून कातडीला चिकटतें.

वृद्धांची विशेष काळजी घ्यावी. उतारवयांत थंडीची जाणीवच बोथट होते. आजोबा "मला थंडी वाजत नाहीं" म्हणाले, तरी त्यांच्या पोटाला हात लावून पाहावा. पोट गार लागलें तर बंडी चढवावी. शरीराच्या गाभ्याचें तपमान ३७ अंशांच्या आसपास असतें. तें ३५ च्या खालीं उतरलें कीं धोका सुरू होतो. आधीं कांपरें भरतें, मग बोटांना गुंडी लागत नाहीं, बोलणें जड होतें, मनुष्य असंबद्ध वागूं लागतो. पुढें कांपरें थांबतें, आणि तें बरें वाटण्याचें चिन्ह नसून संकट वाढल्याचें आहे. अशा वेळीं ओले कपडे काढून कोरडे घालावे, वाऱ्यापासून आडोसा करावा, धड आधीं झांकावें, शुद्ध असेल तर गोड ऊन पेय द्यावें आणि विनाविलंब वैद्यकीय साह्य मिळवावें. मद्य कदापि देऊं नये; त्यानें त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब भासते, पण आंतील उष्णता मात्र झपाट्यानें निघून जाते. तान्ह्या बाळाच्या बाबतींत चूक उलट बाजूनें होते. निजलेल्या बाळाला जाड बंड्यांत गुंडाळून अति उष्ण करणें हेंही घातक ठरतें.

राहतां राहिली निगा. पिसांची बंडी सौम्य साबणानें क्वचितच धुवावी, पिळूं नये, आणि आंतील गोळे हातानें मोकळे करीत पूर्ण वाळवावी. कापसाच्या बंडीला धुण्यापेक्षां ऊन दाखविणें अधिक मानवतें. हिंवाळा संपल्यावर कोणतीही बंडी ट्रंकेच्या तळाशीं दाबून ठेवूं नये. ती सैल टांगावी, म्हणजे पुढील वर्षीं तिच्यांतील हवा शाबूत राहील.

तेव्हां, श्रोतेहो, पुढच्या खेपेस दुकानांत गेल्यावर सर्वांत गरम बंडी मागूं नका. जिला ती घालावयाची आहे ती कोठें राहणार, तेथें ओल आहे कीं कोरडी थंडी, ती चालणार कीं बसून राहणार, आणि वरून कोणता कोट घालणार, हें आधीं ठरवा व त्याप्रमाणें मागा. आणि गांठोड्यांत बंडी ठेवतांना ती केव्हां काढावयाची व केव्हां घालावयाची, हेंही मुलीला अवश्य समजावून सांगा.